रात्र किती वाजेपर्यंत?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. बोट म्हणजे माल वाहणारी नव्हे, हौशी प्रवाशांना बेटाबेटांवरून फिरवून आणणारी. तिच्या मुदपाकखान्यात तो कांदे चिरण्यापासून वर चढत गेला. आठ-नऊ महिने समुद्रावर काढून सुटीला आला की ओट्यावर बसून तो आम्हाला कॅरिबियन बेटांच्या गोष्टी सांगतो. बार्बाडोसमध्ये म्हणे गावोगाव छोटी लाकडी रमची दुकानं असतात. तिथं रम मिळते, खायला तळलेले मासे मिळतात, आणि डॉमिनोजच्या सोंगट्या आपटता आपटता गावाचं राजकारणही तिथंच शिजतं. त्रिनिदादमध्ये कार्निव्हलच्या आधी कॅलिप्सो गाणाऱ्यांचे 'टेंट' लागतात. ही मंडळी आपल्या शाहिरांसारखी एकमेकांवर कुरघोडी करणारी गाणी रचतात, सरकारची टोपी उडवतात, आणि लोक तिकीट काढून ऐकायला येतात.

मागच्या खेपेला हे सगळं सांगून झाल्यावर तो मला म्हणाला, "मामा, तुमच्या तरुणपणी इथं रात्री काय असायचं हो? आठ वाजता भाकरी खाऊन झोपतच असाल ना?"

मी म्हटलं, "अरे, आमची रात्र आठला संपत नव्हती. दहाला सुरू व्हायची."

त्याला त्या रात्री जे सांगितलं तेच आज आपल्यापुढं थोडं नीट लावून ठेवतो आहे. मी आंबेगाव तालुक्यातला, नोकरीची बरीच वर्षं जुन्नर तालुक्यात शाळामास्तर म्हणून काढलेली. तेव्हा हा काही पंडिताचा इतिहास नाही. पण इतिहासाला अगदीच सोडूनही नाही.

सुरुवात पार मागून करतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एका व्यापाऱ्याचं टिपण आहे, 'पेरिप्लस' नावानं ते ओळखलं जातं. भडोचच्या बंदरात कोणता माल उतरतो याची त्यात यादी आहे. त्यात पहिलीच वस्तू मद्य. इटलीचं जास्त पसंतीचं, त्याखालोखाल लाओडिसियाचं आणि अरबस्तानचं. आणि पुढं लिहिलं आहे की राजासाठी म्हणून चांदीची भांडी, गाणारी मुलं, देखण्या मुली आणि उंची मद्य आणलं जाई. हा राजा म्हणजे क्षत्रप नहपान असावा असं अभ्यासक मानतात. नहपानाचा अमात्य अयम यानं आपल्या जुन्नरच्या मानमोडी डोंगरात पाण्याची पोढी आणि मंडप दान दिल्याचा लेख आहे, वर्ष ४६ असं त्यावर कोरलेलं आहे. जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवन दात्यांचीही नावं आहेत, इरिल, चिट आणि चंद. नाणेघाट चढून येणारा माल जुन्नरला उतरत होता. त्यात मद्याचा एखादा रांजण आणि एखादी गाणारी पोर नव्हतीच असं कोण म्हणेल? दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा रात्रीची करमणूक ही परमुलखातून आणायची वस्तू होती, आणि त्या यादीत माणसं भांड्यांच्या ओळीत बसवलेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता दारूचं पाहू. ते लवकर आटपतं. बार्बाडोसमध्ये ऊस आहे आणि आमच्याकडंही ऊस आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, आणि या दोन तालुक्यांचा रंगच पालटला. डिंभ्याच्या पाण्यात तर ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगावच बुडालं. पण तिथल्यासारखी उसाच्या बाजूला उघड, राजरोस, पोराबाळांसमोरची दारू आमच्याकडं कधी बसली नाही. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, संपूर्ण बंदी लागू झाली. दारू रानात गेली, ओढ्याच्या काठी गेली, सायकलच्या ट्यूबमध्ये गेली. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली तेव्हा परवाना काढून बसायच्या खोल्या निघाल्या, म्हणून आजही आपण बारला 'परमिट रूम' म्हणतो. जगात कुठं दारू पिण्याच्या जागेला असं कचेरीतलं नाव असेल असं वाटत नाही! नारायणगावात तर १९८० च्या दशकात द्राक्षांपासून फसफसणारी वाइन करण्याचा कारखाना निघाला आणि इथली बाटली परदेशात गेली. गावातल्या म्हाताऱ्यांनी ती बाहेरूनच पाहिली. परमिट रूममध्ये माणूस भिंतीकडं तोंड करून बसतो, मंद दिव्यात, कुणी ओळखू नये म्हणून. त्याला मी गावाची रात्र म्हणणार नाही.

गावाची रात्र म्हणजे जत्रेची रात्र, आणि जत्रेची रात्र म्हणजे तमाशा.

जुन्नर, आंबेगाव आणि शेजारचा खेड, या पट्ट्यात चैत्र-वैशाखात गावागणिक जत्रा. काही पौष-माघातही असतात. थापलिंगचा खंडोबा पौष पौर्णिमेला, धामणीचा माघात. दिवसा घाटात बैलगाडे पळायचे, दुपारी कुस्त्या, संध्याकाळी पालखी आणि रात्री तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजेरीचा तमाशा. या जत्रेसाठी मुंबईचे चाकरमानी यायचे. गिरणीतले, गोदीतले, भाजीबाजारातले. मुंबईचे डबेवाले बरेचसे याच मुलखातले; आजही चैत्रात ते पाच-सहा दिवस सुटी घेतात ती गावच्या जत्रांसाठी. तमाशाच्या सुपारीचा मोठा वाटा मुंबईच्या वर्गणीतून निघायचा. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा आमच्या गावात सगळ्यात आधी काय कमी झालं असेल तर जत्रेची वर्गणी. त्या वर्षी लहान फड आणला होता. ढोलकीवाला चांगला होता, पण लोक गप्प बसून होते. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या घरात पगार नव्हता.

सुपारी द्यायची ती नारायणगावला जाऊन. गुढीपाडव्याच्या सुमारास एस. टी. स्टँडच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात, वीस-तीस सहज. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाची पाटी, आत सतरंजी, एक टेबल, पंचांग आणि वही. गावोगावचे कारभारी जीपगाड्यांतून उतरतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा पितात, भाव पाडतात. चैत्र पौर्णिमा, वद्य अष्टमी, अक्षय्य तृतीया या तिथींना भाव चढलेला, कारण त्या रात्री शंभर गावांना तमाशा हवा असतो आणि फड मोजके. मधल्या कोरड्या तिथीला तोच फड निम्म्यात मिळतो. बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास राहुट्या उठतात. त्या दोन महिन्यांच्या कमाईवर शंभर-शंभर माणसांचा फड पावसाळा काढतो, आणि दसऱ्याला पुन्हा कर्ज काढून, कलावंतांना उचल देऊन तंबू घेऊन बाहेर पडतो. लोक नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळं. पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव, इथून नगर जवळ, नाशिक जवळ, आळेफाट्यावरून कल्याणही जवळ. बाजार भरायला असंच गाव लागतं. शिवाय भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला, आणि भाऊंची मुलगी विठाबाई.

मी पहिल्यांदा वडिलांबरोबर राहुट्यांवर गेलो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. वडील पंच होते. सौदा ठरला की फडाचा मॅनेजर विचारायचा, "वग कोणता लावू?" आणि त्यावर आमची माणसं अर्धा तास भांडायची. पैशावर पाच मिनिटांत एकमत व्हायचं, वगावर मात्र नाही. गेल्या वर्षी शेजारच्या गावानं लावला तो नको, डाकूचा नको, राजाचा हवा, रडका नको, नाही रडकाच हवा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं, सगळं त्यातच होतं.

ते कसं, हे सांगायचं तर तमाशाची रात्र कशी जायची हे सांगावं लागेल. माझ्या लहानपणी गावात वीज नव्हती, गॅसबत्त्या असायच्या. दहाच्या पुढं ढोलकी आणि हलगी वाजायला लागायची. आधी गण, गणपतीचं स्तवन. मग गौळण; मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, आडवा आलेला पेंद्या, आणि मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, जिच्या तोंडाला हात लावायची कुणाची टाप नसे. मग बतावणी, सोंगाड्याच्या कोपरखळ्या. मग रंगबाजी, लावण्या, पुढं पुढं सिनेमाची गाणी, फर्माइशी, दौलतजादा. टोप्या, फेटे उडायचे. हे सगळं होईतो मध्यरात्र उलटायची. पोरं पेंगायची. आणि मग एक-दीडला वग सुरू व्हायचा.

वग म्हणजे गोष्ट. संपूर्ण, आदि-अंत असलेली. सावळजच्या उमाजी बाबाजींनी 'मोहना बटाव' हा वग लिहिला तो १८६५ साली, आणि तेव्हापासून तमाशाच्या मध्यरात्रीनंतरच्या भागाला कणा आला असं म्हणतात. वगात राजा असायचा, कपटी प्रधान असायचा, वनवासाला गेलेली राणी असायची. आणि त्या राजाची, प्रधानाची, सावकाराची, पाटलाची भर सभेत फजिती करणारा सोंगाड्या असायचा. दादू इंदुरीकरांचं 'गाढवाचं लग्न' आठवा. शिकलेल्या शहराला ते पुढं नाटक म्हणून कळलं, पण आमच्या शेतावरच्या गड्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. पाटील पुढं लोडाला टेकून बसलेला, आणि सोंगाड्या त्याच्याकडं बघून 'पाटील' या शब्दावर थांबायचा. बास. बाकीचं काम लोकांचं हसू करायचं. दिवसा ज्याच्यापुढं चपला हातात घ्यायच्या त्याला रात्री दीड ते पाच या वेळात हसता येत होतं. वर्षातून एकदा का होईना.

इथं थोडं थांबून एक कबुली द्यायला हवी, नाही तर हे सगळं फार गोड होईल. 'गावाची रात्र' म्हणतो खरा, पण गावातलं अर्धं माणूस तिथं नसायचंच. बायकांनी तमाशाला जायचं नाही. माझ्या आईनं आयुष्यात कधी तमाशा पाहिला नाही. पण ऐकले शेकडो. वीज आली, कर्णे आले, आणि कर्ण्याचा आवाज मळ्यापर्यंत जायला लागला. जत्रेच्या रात्री आमच्या परसात सात-आठ बायका घोंगडी टाकून बसायच्या. लावण्यांच्या वेळी एकमेकींत बोलत राहायच्या, वग लागला की गप्प व्हायच्या. आईला वगातले संवादच्या संवाद पाठ होते. सकाळी मी आलो की विचारायची, "राणीला वनात धाडली तेव्हा तिच्या अंगावर लुगडं कुठल्या रंगाचं होतं रे?" मी बहुतेक वेळा झोपलेला असायचो. मग ठोकून द्यायचो, हिरवं.

आणि दुसरं अर्धं माणूस, जे तिथं होतं, त्याची जागाही ठरलेली होती. फडातली माणसं बहुतेक मांग, महार, कोल्हाटी समाजातली. ज्यांना रात्री फेटे उडवून दाद द्यायची, त्यांना सकाळी गावच्या विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हजेरीला बसलेला फड शिधा वेगळा घेऊन ओढ्यावर चूल मांडायचा. पठ्ठे बापूरावांनी, म्हणजे रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी, जात आणि कुळकर्ण सोडून पवळाबाईंबरोबर फड उभा केला आणि मुंबई हलवून सोडली. ते पुढं डॉ. आंबेडकरांकडं देणगी घेऊन गेले तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, हे त्यामागचं कारण. मी तमाशाचा भक्त आहे, आणि मला यावर उत्तर देता आलेलं नाही. नहपानाच्या यादीतली गाणारी मुलं मला अशा वेळी आठवतात.

विठाबाईंबद्दल सगळे एक गोष्ट सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. ही गोष्ट लोक अभिमानानं सांगतात. मीही वर्गात मुलांना सांगायचो, एकदा एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, लोकांनी खेळ का नाही थांबवला?" त्यानंतर मी ती अभिमानानं सांगणं सोडलं. विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नव्हतं. आता त्यांच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

तेव्हा तमाशाची रात्र म्हणजे सत्ययुग होतं असं मला म्हणायचं नाही. पण तिच्यात वग होता. नाचणाऱ्या बाईलाच दीडनंतर राणी व्हायला मिळायचं, प्रधानाला सुनवायला मिळायचं, आणि समोरचे तिला ऐकून घ्यायचे.

बंदीचे दिवस तमाशानं आधीही पाहिले. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच काळात मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणानं तमाशावर बंदी घातली. मग ती उठली, पण संहिता तपासून घ्यायची अट आली. फडवाल्यांनी तेही निभावलं. चावट शब्द गाळले, त्या जागी डोळा मारला. डोळ्याची संहिता कोण तपासणार? खरा घाव आला तो फार सभ्य वाटेनं आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. २००२ मध्ये दुरुस्ती झाली, की सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकेल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या नियमांवर शिक्कामोर्तब केलं.

मी मास्तर. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असतात. लग्नाच्या वरातीतल्या डीजेनं खिडक्यांची तावदानं हलताना मी पाहिली आहेत, आणि हृदयाच्या आजाराचं माणूस घरात असलं म्हणजे काय होतं हेही मला माहीत आहे. नियम वाईट हेतूनं झालेला नाही. पण त्यानं तमाशाचं काय झालं ते बघा. दहाला सुरू व्हायची रात्र आता दहाला किंवा फार तर बाराला संपायला हवी. मग फडवाला काय गाळेल? गण गाळता येत नाही, देवाचं आहे. गौळण आखडता येते. लावण्या आणि सिनेमाची गाणी तर लोकांना हवीच, त्यांनी त्यासाठी वर्गणी दिलेली. गळतो तो वग. वग शेवटी असतो ना! शेवटाला असेल ते आधी जातं.

त्रिनिदादचं उदाहरण भाच्यामुळंच मला वाचायला मिळालं. तिथं १८८१ साली कार्निव्हलच्या रात्री पोलीस आणि मशाली घेतलेले लोक यांची मोठी चकमक झाली. इंग्रज सरकारनं १८८४ मध्ये ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढं बिस्किटांचे डबे आणि शेवटी तेलाची पिंपं ठोकून त्यांतून सूर काढले, आणि आज ते स्टीलपॅन हे त्या देशाचं भूषण आहे. तिथं वाद्य गेलं तर नवं वाद्य सापडलं. आमच्याकडं वेळच गेली. तिच्या जागी दुसरी वेळ कुठून आणणार?

वग गेला की उरतो तो नाच आणि नोटा. २००५ मध्येच राज्य सरकारनं डान्स बारवर बंदी आणली, आणि तो खटला पुढं २०१३, २०१९ पर्यंत न्यायालयांत चालत राहिला. आमच्याकडं डान्स बार नव्हते, पण टोमॅटो-कांद्याचा पैसा आलेल्या वर्षी पनवेलकडं जीप घेऊन जाणारे नव्हते असं नाही. त्या बारमध्ये नाचणाऱ्या मुलींपैकी कितीतरी परंपरेनं नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतल्याच होत्या. बंद खोली, ठरलेलं गाणं, उडणाऱ्या नोटा. तिथं मावशी नाही, सोंगाड्या नाही, पाटलाची फजिती नाही, राणीला बोलायला वाक्य नाही. सरकारनं एका हातानं ते बंद केलं आणि दुसऱ्या हातानं तमाशाला तेवढ्यापुरतंच उरवलं. कुणी ठरवून केलं असं नव्हे. पण झालं.

आमच्याच गावातली गोष्ट सांगतो. नियम कडक झाल्यावरची जत्रा. मी तेव्हा यात्रा कमिटीत होतो. पालखीला उशीर झाला, त्यामुळं तमाशाला उशीर झाला. आम्ही फडवाल्याला हात जोडून सांगितलं होतं, की गाणी कमी कर, वग लाव. त्यानं लावला. आमच्या गावात त्या वर्षी पहिल्यांदा मांडवात एका बाजूला बायकांना जागा केली होती, माझी आई तोवर गेली होती, पण पत्नी आणि सुना येऊन बसल्या होत्या. वेळ उलटली तसे पोलीस आले आणि माइक बंद झाला. त्यांचा काही दोष नव्हता, कुणीतरी फोन केला होता. म्हातारे म्हणाले, पूर्वी कुठं माइक होता, तसाच चालू दे. सोंगाड्या जुना होता, छाती फुगवून अर्धा तास बोलला. पण पूर्वी पाचशे माणसं असायची, आता चार हजार. मागच्यांना काही ऐकू येईना. ती उठली, मग मधली उठली. राजपुत्र तुरुंगात पडलेला होता तो तुरुंगातच राहिला. माझ्या धाकट्या सुनेनं घरी आल्यावर विचारलं, "मग तो सुटतो का शेवटी?" मला ठाऊक होतं, मी सांगितलं. पण ते सांगणं आणि बघणं एक नाही.

त्यानंतरची वर्षं आपल्याला माहीत आहेत. २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद झाल्या, तसा जत्रांचा दिवसही ओस पडला; डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये न्यायालयानं त्या कायम केल्या. २०१७ मध्ये महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं आणि बार बंद करायचा आदेश लागू झाला. पुणे-नाशिक रस्त्यावरचे बोर्ड काही महिने झाकले गेले आणि मग हळूहळू उघडले. कोरोनाच्या २०२० आणि २०२१ च्या चैत्रात जत्राच नव्हत्या. फडातली माणसं मजुरीला गेली, कुणी भाजी विकली. राहुट्या पुन्हा लागल्या तेव्हा काही पाट्या कमी होत्या.

गेल्या चैत्रात कमिटीच्या पोरांबरोबर मी नारायणगावला गेलो होतो. मला नेलं ते जुना माणूस म्हणून, आणि भाव पाडताना पांढरे केस उपयोगी पडतात म्हणून. भाचाही सुटीवर होता, तोही गाडीत बसला. टेबलावर पंचांगाशेजारी मोबाइल होता, एवढाच फरक. सौदा ठरला. पोरांनी विचारलं, गाणी कोणती, मुली किती, लाइट कसली. सगळं वहीत उतरलं. मी म्हटलं, "आणि वग कोणता लावणार?"

फडमालक साठीचा असेल. त्यानं चष्मा काढला, माझ्याकडं पाहिलं, मग पोरांकडं पाहिलं.

"मास्तर," तो म्हणाला, "वग पाच तयार आहेत. माझ्या पोरींना पाठ आहेत. तुमची रात्र किती वाजेपर्यंत, ते सांगा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, परवानगीचं बघायला लागेल. भाच्यानं मला हळूच विचारलं, "मामा, वग म्हणजे तोच ना, राणीचा?" मी मान हलवली. फडमालकानं वहीत आमच्या गावाच्या नावापुढं तिथी लिहिली, रक्कम लिहिली, आणि वगाची जागा कोरी ठेवून पान उलटलं.